दाबलेली हवा व तिचा ताप

अग्नि व वायु यांचें सख्य फार जुनें आहे. लोहाराच्या भट्टीपाशीं जो कोणी क्षणभर उभा राहिला असेल, त्यास हें सख्य समजावून सांगण्याची गरज नाहीं. भाता हालूं लागला कीं तांबडे निखारे पांढरे होतात, आणि भाता थांबला कीं तेच निखारे राखेंत तोंड लपवितात. कोळसा तोच, भट्टी तीच; फरक पडतो तो वाऱ्याचा. मोटारीचें इंजिन ही देखील एक बंदिस्त भट्टीच होय, आणि तिलाही भाता लावितां येतो. या भात्याचें नांव सुपरचार्जर. मात्र लोहाराच्या भात्यांत जी अडचण जाणवत नाहीं, ती या भात्यांत मोठी होऊन बसते; आणि ती न ओळखतां जे लोक आपल्या गाडीस हा भाता लावितात, त्यांचें इंजिन एखाद्या वैशाखाच्या दुपारीं निकामी होण्याचें भय असतें. ती अडचण कोणती, ती कां उद्भवते व तिच्यावर उपाय काय, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

हा विषय आम्हीं आपण होऊन निवडला नाहीं. हिवरे बाजारच्या बाजूचा आमचा एक विद्यार्थी एके दिवशीं विज्ञानाच्या तासानंतर एक प्रश्न घेऊन थांबला. त्याच्या वडील बंधूनें एक जुनी पेट्रोल मोटार विकत घेतली होती. पूर्वीच्या मालकानें तिला बाहेरून सुपरचार्जर बसवून घेतलेला होता. सकाळीं ही गाडी वाऱ्यासारखी धांवे. परंतु दुपारीं नगरहून गांवीं परततांना चढावर तिचा जोर मोडे, आणि इंजिनांतून खडे आपटल्यासारखा खट्‌खट् आवाज येई. गॅरेजमधील मिस्त्रीचें मत पडलें कीं, सुपरचार्जरची पुली लहान बसविली म्हणजे तो अधिक वेगानें फिरेल, अधिक हवा भरेल व गेलेला जोर परत येईल. त्या कामास लागणारा पैसा घरीं होता. परंतु तो धाकट्याच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेविलेला होता. "सर, हवा जास्त भरली कीं जोर वाढतो, हें आपणच शिकविलेंत. मग दुपारीं जोर जातो कुठें?" असा त्याचा प्रश्न. प्रश्न नेमका होता. त्याचें उत्तर सर्व विद्यार्थ्यांस, तसेंच ज्यांच्या दारीं मोटार, पिकअप किंवा ट्रॅक्टर उभा आहे अशा सर्व पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तें येथें विस्तारानें देत आहों.

प्रथम इंजिनाचा श्वासोच्छ्वास पाहूं. पिस्टन खालीं येतो तेव्हां हवा आंत ओढली जाते. तो वर जातो तेव्हां ती दाबली जाते. मग ठिणगी पडून मिश्रण पेटतें व पिस्टन जोरानें खालीं ढकलला जातो. आणि पुन्हां वर येतांना तो जळका धूर बाहेर घालवितो. या चार क्रियांपैकीं शक्ति मिळते ती एकींत. बाकीच्या तीन त्या एकीच्या सेवेसाठीं आहेत. आतां एक लिटर पेट्रोल पूर्णपणें जळावयास किती हवा लागते? सुमारें ११ किलो, म्हणजे मापानें ९ ते १० हजार लिटर! पेट्रोल अधिक सोडणें सोपें आहे. परंतु त्या पेट्रोलास पुरेल इतकी हवा त्या लहानशा सिलिंडरांत आणावयाची कशी? इंजिनाची शक्ति अन्नावांचून सहसा अडत नाहीं, ती श्वासावांचून अडते. सिलिंडर मोठा न करितां त्यांत अधिक हवा मावावी, यासाठीं ती आधींच दाबून भरणें, हेंच सुपरचार्जरचें काम.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत राहणाऱ्या फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनीं १८६० मध्यें दोन फिरत्या पाळ्यांचा एक वायुपंप शोधून त्याचें पेटंट घेतलें. तो पुढें लोखंडाच्या भट्ट्यांना व खाणींना वारा पुरविण्याच्या कामीं येऊं लागला. गॉटलीब डाइमलर यानें १८८५ मध्येंच इंजिनांत दाबून भरणी करण्याची युक्ति आपल्या पेटंटांत नोंदविली. १९०५ मध्यें स्विस यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्यूखी यानें, इंजिनांतून वायां जाणाऱ्या धुराच्या जोरावरच हा पंप फिरवावा, असें सुचविलें. आज ज्यास आपण टर्बो म्हणतों तो हाच. १९२१ मध्यें बर्लिनच्या प्रदर्शनांत सुपरचार्जर लाविलेल्या मर्सेडीज मोटारी लोकांपुढें आल्या. सुपरचार्जर व टर्बो यांत भेद इतकाच कीं, पहिला इंजिनाच्या पुलीवरून पट्ट्यानें फिरतो, दुसरा धुरानें. आपल्या रस्त्यांवरील नव्या डिझेल गाड्यांत बहुधा टर्बो असतो. उष्णतेविषयीं पुढें जें सांगावयाचें आहे तें मुख्यतः दोघांसही लागू आहे.

आतां अडचणीकडे वळूं. घरीं सायकलचा पंप असेल तर चाकांत भरभर वीसपंचवीस वेळां हवा भरावी, आणि पंपाच्या ज्या टोंकास नळी जोडलेली असते तेथें हात लावून पाहावा. तें टोंक गरम लागेल. पुष्कळ विद्यार्थी म्हणतात, दट्ट्या घांसला म्हणून तें तापलें. घर्षणाचा वाटा थोडासा आहे खरा. परंतु घर्षण पंपाच्या सर्व लांबीवर होतें, मग टोंकच अधिक कां तापावें? कारण हवा तेथें दाबली जाते. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांस हें चटकन् समजेल. स्थिर धरलेल्या बॅटीवर आदळून चेंडू ज्या वेगानें परततो, त्याहून पुढें येणाऱ्या बॅटीवर आदळलेला चेंडू पुष्कळ अधिक वेगानें परततो. हवेचे कोट्यवधि कण पुढें सरकणाऱ्या दट्ट्यावर असेच आदळतात व वाढलेला वेग घेऊन परततात. कणांचा वेग वाढणें म्हणजेच हवेचें उष्णमान वाढणें. तात्पर्य, दाब आणि ताप हीं जुळीं भावंडें आहेत. एकास बोलाविलें कीं दुसरें न बोलावतां येतें. डिझेल इंजिनांत हाच गुण कामास येतो. तेथें ठिणगी नसते, दाबानें तापलेली हवाच इंधन पेटविते. परंतु हवा इंजिनांत शिरण्यापूर्वींच तापली, तर तोच गुण दोष ठरतो.

हा ताप किती, तें हिशेबानें पाहूं. वैशाखाची दुपार आहे व बाहेरची हवा ४० अंश सेंटिग्रेड आहे असें धरूं. सुपरचार्जर तिचा दाब दीडपट करतो. पंप सर्वथा निर्दोष असता तर ही हवा सुमारें ७८ अंशांवर गेली असती. परंतु कोणताही पंप निर्दोष नसतो. पाळ्यांच्या फटींतून हवा मागें गळते, पुन्हां घुसळली जाते, आणि त्या सर्व खटपटीची उष्णताही तिलाच चिकटते. पंपाची कार्यक्षमता शेंकडा ६० धरली तर हवा १०४ अंशांच्या आसपास पोंचते. समुद्रसपाटीवर पाणी जेथें उकळतें त्याहूनही हें अधिक!

आतां अशी हवा इंजिनास किती उपयोगी? तापलेली हवा पसरते, विरळ होते. तिची घनता काढावयाची तर अंशांत २७३ मिळवून निरपेक्ष उष्णमान घ्यावें लागतें. ४० चे झाले ३१३, आणि १०४ चे झाले ३७७. दीड गुणिले ३१३ भागिले ३७७, उत्तर येतें सुमारें १.२५. म्हणजे दाब वाढला दीडपट, पण हवा भरली गेली सव्वापटच. शेंकडा ५० नफ्याचें वचन होतें. हातीं आले २५. उरलेला नफा उष्णतेनें वाटेंतच गिळला. शिवाय सुपरचार्जर फिरविण्यास लागणारा जोर इंजिनानेंच द्यावयाचा असतो, तो खर्च निराळाच. सहज लक्षांत ठेवण्याजोगें प्रमाण असें कीं, या सुमारास हवेचें उष्णमान ३ अंशांनीं वाढलें कीं तिची घनता सुमारें शेंकडा १ नें घटते.

ही झाली पहिली हानि. ती केवळ नफ्याची तूट आहे. तिनें इंजिन मोडत नाहीं. दुसरी हानि याहून भयंकर आहे. सिलिंडरांत शिरलेली हवा पिस्टन वर जातांना पुन्हां दाबली जाते व पुन्हां तापते. पेट्रोल इंजिनांत सामान्यतः आरंभींचा एक अंश दाबाच्या अखेरीस सुमारें दोन अंशांचा होतो. आंत येणारी हवा ६० अंशांनीं अधिक गरम असेल, तर ठिणगी पडण्याच्या वेळीं मिश्रण सुमारें १२० अंशांनीं अधिक तापलेलें असतें. ठिणगी पडल्यावर ज्वाळा एका बाजूनें दुसरीकडे पसरत जाते. दूरच्या कोपऱ्यांतील मिश्रणानें तिची वाट पाहावी असा नियम आहे. परंतु फाजील तापलेलें मिश्रण वाट पाहत नाहीं. तें ज्वाळा पोंचण्यापूर्वीं एकदम पेटतें. त्यासरशीं जी दाबाची लाट उठते ती सिलिंडरच्या भिंतींवर घणासारखी आपटते. हाच तो खट्‌खट् आवाज. मिस्त्री लोक त्यास नॉकिंग म्हणतात.

या आवाजाची उपेक्षा कां करूं नये, तें सांगतों. जळत्या वायूचें उष्णमान २००० अंशांहून अधिक असतें, आणि पिस्टनचें ॲल्युमिनियम शुद्ध स्थितींत ६६० अंशांस वितळतें. मिश्रधातु तर त्याहूनही कमी अंशांस मऊ पडूं लागतो. मग पिस्टन रोज वितळत कां नाहीं? कारण त्याच्या अंगालगत वायूचा एक पातळ, तुलनेनें थंड थर चिकटून असतो आणि तो गोधडीप्रमाणें त्याचें रक्षण करतो. नॉकिंगची लाट ही गोधडी ओरबाडून काढते. मग उष्णता सरळ धातूस भिडते, पिस्टनच्या कडा झिजतात, कधीं त्यास भोंकही पडतें. प्लग काढून पाहिल्यास त्यावर धातूचे बारीक मणी आढळतात. तोंवर बहुधा वेळ निघून गेलेली असते.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. सकाळीं बाहेरची हवा थंड असते व इंजिनही निवालेलें असतें. दुपारीं हवा ४० अंश. त्यांतून चढावर गाडीचा वेग मंद, म्हणून समोरचा वारा कमी. आणि बॉनेटखालीं सर्व उष्णता कोंडलेली. आम्हीं त्यास वहींत तीन गोष्टी पाहून लिहावयास सांगितल्या: गाडी श्वास कोठून घेते, दाबलेली हवा थंड करण्याची कांहीं सोय आहे काय, आणि हवेचें उष्णमान मोजणारा मापक कोठें बसविला आहे. त्यानें भावाच्या मदतीनें पाहून उत्तरें आणलीं. एअर फिल्टर उघडा असून बॉनेटच्या आंतच, इंजिनाच्या अगदीं शेजारीं होता. थंड करण्याची सोय मुळींच नव्हती. आणि मापक सुपरचार्जरच्या अलीकडे राहिला होता. म्हणजे हवा तापण्यापूर्वींच तिचें उष्णमान मोजून तो संगणकास "सर्व कांहीं ठीक आहे" असें कळवीत होता. बॉनेटखालची हवा ६० अंश धरली तर दीडपट दाबानंतर ती १२८ अंशांच्या जवळ जाते, आणि प्रत्यक्ष नफा शेंकडा १७ वर येतो. ज्या घरीं कोठाराच्या दारापाशींच चोर बसला आहे, तेथें अधिक धान्य आणून काय होणार? पुली लहान केली असती तर पंप अधिक वेगानें फिरून अधिक दाब देता, परंतु त्याबरोबर त्याहून अधिक ताप देता; आणि जो आवाज कधींमधीं येत होता तो नित्याचा झाला असता.

मग उपाय काय? ते क्रमानें सांगतों. कारण येथें क्रमच महत्त्वाचा आहे.

पहिला उपाय सर्वांत स्वस्त. इंजिनास श्वास बाहेरच्या हवेचा मिळावा. फिल्टर बंद पेटींत ठेवून त्याची नळी समोरच्या जाळीमागून किंवा चाकाच्या वरील पोकळींतून, जेथें इंजिनाची धग पोंचत नाहीं अशा जागेहून आणावी. नळी धूर जाणाऱ्या पाइपाजवळून नेऊं नये. न्यावीच लागली तर मध्यें पत्र्याचा आडोसा असावा. मात्र ती इतकी खालींही नसावी कीं पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी इंजिनाच्या पोटांत जाईल. उघडा फिल्टर बॉनेटखालीं बसविला म्हणजे आवाज मोठा येतो व तरुणांस तो जोर वाटतो. वस्तुतः ती दमछाक असते.

दुसरा उपाय म्हणजे इंटरकूलर. हा दिसावयास रेडिएटरसारखाच; परंतु त्याच्या नळ्यांतून पाणी न जातां दाबलेली गरम हवा जाते, आणि बाहेरून समोरचा वारा तिला निववितो. आपल्या उदाहरणांतील १०४ अंशांची हवा इंटरकूलरनें ६० अंशांवर आणली तर घनता सव्वापटीवरून सुमारें १.४ पट होते. पुली न बदलतां, दाब न वाढवितां हा लाभ! नळ्यांतून जातांना हवेचा दाब किंचित् घटतो, तितकी तूट त्यांतून वजा करावी. इंटरकूलर समोर, वाऱ्याच्या तोंडीं असावा व वारा त्याच्या बाजूनें निसटूं नये म्हणून भोंवतीं पट्ट्या लावाव्या. आपल्या भागांतील मुरमाची धूळ, उसाचें पाचट व गवताचें बीं त्याच्या जाळींत अडकून बसतें. तें अधूनमधून हलक्या धारेनें धुवावें. जोराच्या धारेनें पातळ पत्र्या वांकतात व वारा जाण्याची वाटच बंद होते.

इंटरकूलरचा दुसरा प्रकार पाण्याचा. त्यांत हवेची उष्णता आधीं पाणी घेतें व तें पाणी पुढें असलेल्या लहान रेडिएटरांत जाऊन निवतें. हवेपेक्षां पाण्यांत उष्णता पुष्कळ सांठते. म्हणून एखाद्या लहान चढावर किंवा थोड्या वेळाच्या जोरावर हा प्रकार उत्तम काम देतो, आणि त्यास जागाही कमी लागते. परंतु पाणी एकदां तापलें कीं तें निवण्यासही वेळ लागतो. लांब घाटांत किंवा बाजाराच्या गर्दींत तासभर उभें राहिल्यावर त्याचा उपयोग मंदावतो. उष्णता नाहींशी होत नसते. ती कोठें तरी नेऊन सोडावीच लागते, हें दोन्ही प्रकारांत सारखेंच.

तिसरा उपाय आपल्या घरच्या माठांत आहे. माठाचें पाणी थंड कां राहतें? त्याच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातें व जातांना उष्णता घेऊन जातें. हीच युक्ति दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या इंजिनांत योजिली होती. अमेरिकेच्या पी-४७ विमानांत व जर्मनांच्या कांहीं विमानांत अणीबाणीच्या वेळीं हवेंत पाण्याचा, किंवा पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणाचा, फवारा सोडीत. आपल्या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचें इथेनॉलही याच जातीचें आहे. वाफ होतांना तें वजनास वजन धरल्यास पेट्रोलाच्या सुमारें अडीचपट उष्णता शोषतें, व नॉकिंगला दादही कमी देतें. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. परंतु यावरून कोणीं घरच्या घरीं टाकींत आणखी मिसळूं नये. ज्या गाडीच्या रबरी नळ्या व इंधनाचें माप त्यासाठीं केलेलें नाहीं, तिला तें बाधतें.

चौथा उपाय म्हणजे माप व संयम. हवेचें उष्णमान मोजणारा मापक इंटरकूलरच्या पलीकडे, इंजिनाच्या तोंडाशीं असला पाहिजे. हवा फार तापली असें त्यानें कळविलें कीं गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरां पाडतो. त्यामुळें जोर कमी होतो. पण पिस्टन वांचतो. पुष्कळ तरुणांस ही सुधारणा नडते आणि ते ती काढून टाकावयास सांगतात. घराच्या कुत्र्यानें रात्रीं भुंकून झोंप मोडली म्हणून त्यास हांकून लावण्यासारखेंच हें आहे.

या सर्व गोष्टींचा सर्वांत मोठा दाखला आपल्या नगरांतच उभा आहे, पण पाहणाऱ्यांस तो सहसा समजत नाहीं. येथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्यें उघडलें. त्यांत सेंचुरियन नांवाचा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा आहे. अशाच रणगाड्यांनीं १९६५ व १९७१ च्या युद्धांत आपल्या सैन्याची मोठी सेवा केली. या रणगाड्याच्या इंजिनाचें नांव मीटिअर. आणि हें मीटिअर म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून विमानाच्या सुप्रसिद्ध रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाचें, सुपरचार्जर काढून घेतलेलें रूप होय.

मर्लिनची कथा थोडक्यांत अशी. बारा सिलिंडरांचें, २७ लिटरांचें हें इंजिन स्पिटफायर विमानांत असे. आठ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें एक तृतीयांश उरतो. तेथें सुपरचार्जरवांचून इंजिन गुदमरतें. १९३८ मध्यें रोल्स-रॉइसमध्यें आलेले गणितज्ञ स्टॅन्ली हूकर यांनीं या सुपरचार्जरच्या वायुमार्गांचा हिशेब नव्यानें मांडून त्यांत मोठी सुधारणा केली. पुढें एकामागें एक असे दोन पंप बसविले, तेव्हां हवा इतकी तापूं लागली कीं इंटरकूलरवांचून गत्यंतर राहिलें नाहीं. पाण्यानें हवा निवविणारा तो इंटरकूलर व त्याचा वेगळा रेडिएटर यांसह हीं इंजिनें १९४२ मध्यें स्पिटफायरच्या नवव्या आवृत्तींत आलीं. त्यांची शक्ति १५०० अश्वशक्तीहून अधिक होती. तेंच २७ लिटरांचें इंजिन सेंचुरियनमध्यें ६५० अश्वशक्ति देई. मग रणगाडा करणारे अडाणी होते काय? मुळींच नाहीं. रणगाड्यास आभाळांत चढावयाचें नव्हतें. त्याला हलक्या पेट्रोलावर, धुळींत, उन्हांत, दिवसचे दिवस भरंवशानें चालावयाचें होतें. त्यांनीं कामाचा हिशेब केला व भाता काढून ठेविला. यंत्रास काय जोडावें हें जाणणारे पुष्कळ असतात. काय काढावें हें जाणणारे थोडे.

हें सर्व आम्हीं त्या विद्यार्थ्यास व त्याच्या घरच्या मंडळींस कागदावर आंकडे मांडून दाखविलें. कायद्याचा मुद्दाही सांगितला. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलांशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें गाडींत करतां येत नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें निःसंदिग्धपणें सांगितलें आहे. अशी गाडी दुसऱ्याकडून घेणाऱ्यानें देखील घेण्यापूर्वीं तिचें नोंदणीपत्र व प्रत्यक्ष इंजिन ताडून पाहावें.

वडील मंडळी शांतपणें ऐकत होती. त्यांतील आंकडे त्यांस सर्व समजले असतील असें नाहीं. परंतु मर्म त्यांनीं आमच्याआधीं पकडलें. मुलाचे वडील म्हणाले, "गुरुजी, आमच्या गांवांत कोणी म्हणालें कीं पाणी उतरलें, बोअर आणखी खोल न्या, तर ग्रामसभा आधीं विचारते, पाऊस पडला किती आणि जमिनींत मुरला किती? ही पुलीची गोष्ट तीच दिसते."

याहून नेमकें उदाहरण आम्हांस सुचलें नसतें. हिवरे बाजार हें गांव पूर्वीं दुष्काळानें ओस पडत चाललें होतें. १९८९-९० पासून श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडें राखलीं. शेतीसाठीं बोअर घेण्यास व ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांस मनाई केली. आणि दरवर्षीं पावसाचा हिशेब मांडून मगच कोणतें पीक किती घ्यावयाचें तें ठरविण्याची रीत पाडली. श्री. पवार यांस पुढें २०२० मध्यें पद्मश्री मिळाली. गांवानें ओढण्याचा जोर वाढविला नाहीं. जें हातीं येतें तें वाटेंत नाहींसें होऊं नये याची व्यवस्था केली. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा जो दृष्टांत प्रभु येशूनें दिला, त्याचा अर्थ याहून वेगळा नाहीं.

त्या घरचा निर्णय असा झाला. पुलीचा बेत रहित झाला. सुपरचार्जर काढून गाडी मूळ स्थितीस आणण्यांत आली, आणि काढलेला संच विकून त्या कामाचा खर्च भागविण्यांत आला. शिक्षणाच्या पैशास हात लागला नाहीं. गाडी आतां सकाळीं पूर्वीइतकी धांवत नाहीं. पण दुपारींही चढ विनातक्रार चढते, व तो खट्‌खट् आवाज गेला आहे.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, आम्ही तरुणांस यंत्रांपासून दूर राहावयास सांगत आहों. उलट आमचें सांगणें असें कीं, त्यांनीं अधिक जवळ जावें. मात्र पान्हा उचलण्यापूर्वीं मापक व पेन्सिल उचलावी. नगरजवळच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. पुण्यास एआरएआय ही मोटारींची परीक्षा घेणारी संस्था आहे. तेथें गाडी कसोटीस लावून निर्णय मोजलेल्या आंकड्यांवर करतात, अंदाजावर नव्हे. ज्यांस इंजिनास भाता लावावयाची हौस आहे त्यांनीं अभियांत्रिकीचा रीतसर अभ्यास करून तेथवर पोंचावें. ती हौस तेथें सार्थकीं लागेल, आणि तिची किंमत घरच्या गाडीस मोजावी लागणार नाहीं.

शेवटीं विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. दाब दिला म्हणजे ताप येणारच. तो येऊं नये अशी तजवीज कोणासही करतां आलेली नाहीं. शहाणपण आहे तें तो ताप आधीं मोजण्यांत, मग निवविण्यांत, आणि त्यानंतरच अधिक दाबाचा विचार करण्यांत. सुट्टींत घरीं गेल्यावर प्रत्येकानें सायकलचा पंप हातीं घेऊन तो प्रयोग करून पाहावा, आणि ज्यांच्या घरीं गाडी आहे त्यांनीं ती श्वास कोठून घेते तें बॉनेट उघडून वडिलांस दाखवावें.